एक्स्प्लॉइटेशन सिनेमाने हॉररला नेमकं काय दिलं?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहात. वीस मिनिटांची हॉरर शॉर्टफिल्म करायची आहे, हातात सव्वा लाख रुपये आहेत आणि शूटिंगला मामाच्या गावचा बंद वाडा मिळालाय. सरांनी सांगितलं, आजचा हॉरर कळायचा असेल तर साठ-सत्तरच्या दशकांतला अमेरिकन एक्स्प्लॉइटेशन सिनेमा, म्हणजे थोडक्या पैशांत काढून सनसनाटीवर विकलेला गल्लाभरू सिनेमा, बघा. तुम्ही चार बघितले. त्यात रक्त, किंकाळ्या, पळणाऱ्या मुली आणि कच्चा अभिनय याखेरीज काही सापडलं नाही. ‘यातून हॉररने घेतलं काय, आणि मी घ्यायचं काय?’ असा तुमचा सवाल आहे.

मी बावीस वर्षं संकलन करतेय. त्यातली सुरुवातीची वर्षं अंधेरीतल्या एका एडिट रूममध्ये कमी बजेटचे हिंदी भुताचे सिनेमे कापण्यात गेली. आता मालिका, वेबसिरीज करते आणि अधूनमधून कार्यशाळा घेते. त्यामुळे माझं उत्तर एडिटिंग टेबलावरून येणार. कॅमेरामनला विचारलंत तर तो दुसऱ्या टोकाने सुरुवात करेल, आणि तेही बरोबरच असेल.

तुमचा पेच मला असा दिसतो की ‘प्रभाव’ म्हटल्यावर तुम्ही पडद्यावर काय दिसतं तेवढंच शोधलंत, म्हणून तुम्हाला रक्त सापडलं. पण नुसत्या रक्ताचा हिशेब मांडला तर एक्स्प्लॉइटेशनचं श्रेय निम्म्यावर येतं. रंगीत रक्त ब्रिटनच्या हॅमर कंपनीने १९५७ मध्येच ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये दाखवलं होतं. चेहऱ्याची कातडी सोलण्याचा प्रसंग १९६० च्या ‘आइज विदाउट अ फेस’ या फ्रेंच चित्रपटात आहे, आणि त्याला कोणी गल्लाभरू म्हणणार नाही. एक्स्प्लॉइटेशनने हॉररला जे दिलं ते माझ्या मते बेवारसपण. ज्या सिनेमामागे स्टुडिओ नाही, ज्यात स्टार नाही, ज्याला जपायला अब्रू नाही, त्यात ‘घाबरू नका, शेवटी सगळं नीट होईल’ अशी हमी प्रेक्षकाला द्यायला कोणी उरत नाही. ती हमी गेली आणि तिथून हॉररची जातच बदलली.

हे कसं झालं ते समजायला आधी धंदा समजून घ्यावा लागेल. ‘एक्स्प्लॉइटेशन’चं भाषांतर ‘शोषण’ असं करून बघितलं की घोळ होतो. अमेरिकेच्या चित्रपटधंद्यात हा शब्द प्रसिद्धीसाठी वापरायचे. सिनेमा ‘एक्स्प्लॉइट’ करायचा म्हणजे बोर्ड लावून, गावात आरडाओरडा करून, जमेल त्या मार्गाने त्यातून पैसा वसूल करायचा. १९३४ पासून हॉलिवुडच्या स्टुडिओंनी प्रॉडक्शन कोड सक्तीने पाळायला सुरुवात केली. काय दाखवायचं नाही याची ती आचारसंहिताच होती. बाहेरच्या फिरत्या धंदेवाल्यांना तर ती विक्रीयोग्य मालाची यादीच मिळाली. क्रोगर बॅब नावाच्या निर्मात्याचा १९४५ चा ‘मॉम अँड डॅड’ घ्या. लैंगिक शिक्षणाच्या नावाखाली त्यात बाळंतपणाची दृश्यं होती. बायकांचे खेळ वेगळे, पुरुषांचे वेगळे, आणि खेळ मध्येच थांबवून एक व्याख्याता आरोग्याच्या पुस्तिका विकायचा. आपल्याकडे जत्रेत ‘मौत का कुआँ’च्या बाहेर माइक घेऊन उभा असलेला माणूस आठवा. ‘कच्च्या काळजाच्यांनी आत येऊ नये’ असं तो म्हणतो आणि गर्दी पुढे सरकते. अमेरिकेतल्या या मंडळींपैकी काहीजण खरोखरच जत्रेच्या धंद्यातून आलेले होते.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटरं सोडावी लागली. घरोघर टीव्ही आला, स्टुडिओंचे सिनेमे कमी झाले आणि स्वतंत्र थिएटरवाल्यांना पडद्यावर लावायला काहीतरी हवं होतं. गाडीत बसून बघायची ड्राइव्ह-इन थिएटरं पन्नाशीच्या दशकाअखेर चार हजारांच्या घरात पोचली, आणि तिथे जाणारा प्रेक्षक होता कॉलेजवयाचा. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी नाव आणि पोस्टर आधी ठरवायची, पटकथा नंतर लिहून घ्यायची. विल्यम कॅसल या दिग्दर्शकाने १९५८ च्या ‘मॅकाब्र’साठी ‘भीतीने मेलात तर एक हजार डॉलर’ असा प्रत्येक प्रेक्षकाचा विमा काढला, आणि पुढच्या वर्षी ‘द टिंगलर’साठी काही खुर्च्यांखाली थरथरणाऱ्या मोटारी बसवल्या. हे सगळं हिचकॉक बघत होते. ‘सायको’ (१९६०) त्यांनी कृष्णधवल, आपल्या टीव्ही मालिकेच्या युनिटसह, साधारण आठ लाख डॉलरमध्ये केला, आणि खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा नियम थिएटरांना घातला. नायिका अर्ध्या वाटेवर मारणं ही मोठ्या दिग्दर्शकाची करामत होती, पण सिनेमा विकण्याची रीत मात्र जत्रेतलीच.

मग येतो १९६३ चा ‘ब्लड फीस्ट’. हर्शेल गॉर्डन लुइस आणि डेव्हिड फ्रीडमन हे दोघे त्याआधी सौम्य नग्नतेचे सिनेमे काढायचे. त्या बाजारात गर्दी झाली. मोठे स्टुडिओ ज्याला हातही लावणार नाहीत असं काय उरलंय, असा त्यांनी विचार केला. उत्तर निघालं उघडी जखम. मायामीत, पंचवीस हजार डॉलरच्या आत, काही दिवसांत त्यांनी सिनेमा उरकला आणि प्रेक्षकांना उलटीच्या पिशव्या वाटल्या. स्थानिक सेन्सॉर मंडळांच्या नियमांत नग्नतेबद्दल बरंच लिहिलेलं होतं, आतड्यांबद्दल लिहायची वेळच कोणावर आली नव्हती.

हा सिनेमा वाईट आहे आणि मी तो कोणाला आवडीने बघायला सांगणार नाही. पण संकलक म्हणून त्यात मला एक गोष्ट दिसते. तोवर खून झाला की कॅमेरा मान वळवायचा: भिंतीवरची सावली, जमिनीवर पडलेला कप, किंकाळी. ‘ब्लड फीस्ट’मध्ये घाव बसून गेल्यावरही शॉट चालूच राहतो. कट घ्यायची जी जागा सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती, ती तिथून पुढे सरकली. लुइस यांना त्यापलीकडे काही साधायचं नव्हतं. मात्र त्यानंतर आलेल्या प्रत्येक हॉरर दिग्दर्शकाला कट कुठे घ्यायचा हे नव्याने ठरवावं लागलं, कारण प्रेक्षकाला आता माहीत झालं होतं की कॅमेरा थांबूही शकतो.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) कदाचित तुमच्या चारांत असेल. जॉर्ज रोमेरो आणि त्यांचे मित्र पिट्सबर्गमध्ये जाहिराती आणि औद्योगिक फिल्म्स करायचे. एक लाख चौदा हजार डॉलरच्या आसपास खर्च, कृष्णधवल फिल्म, रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप. ड्युएन जोन्स हा कृष्णवर्णीय नट नायकाच्या भूमिकेत आला तो चाचणीत सगळ्यांत सरस ठरला म्हणून. पटकथेत त्या पात्राचा वर्ण लिहिलेलाच नव्हता. उठून चालू लागलेल्या मेलेल्यांशी रात्रभर झुंजून हा एकटा जिवंत राहतो. सकाळी शोधपथक येतं, त्याला खिडकीत बघून मेलेल्यांपैकीच समजतं आणि गोळी घालतं. मग दाणेदार, वर्तमानपत्रात छापल्यासारखी स्थिरचित्रं येतात. बंदुका घेतलेले गोरे पुरुष मांस उचलायच्या आकड्याने त्याचं प्रेत ओढून चितेवर टाकतात. सिनेमा लागला त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन लुथर किंग यांची हत्या झाली होती. ही दृश्यं त्याआधीच चित्रित झालेली असली तरी थिएटरात बसलेल्या माणसाला ती कशी दिसली असतील याची कल्पना करा.

आता एक तपशील माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा, म्हणून मुद्दाम सांगते. रोमेरो यांनी हा सिनेमा अमेरिकन इंटरनॅशनललाही दाखवला होता, आणि त्या कंपनीला शेवट बदलून हवा होता, नायक जगायला हवा होता. म्हणजे एक्स्प्लॉइटेशनवाले सगळे धाडसी होते असं अजिबात नाही. त्यांनाही तिकीट खिडकीची भीती होतीच. पण रोमेरो ‘नाही’ म्हणू शकले, कारण सिनेमा पूर्ण झालेला होता आणि पैसा त्यांच्या स्वतःच्या गोतावळ्यातून उभा राहिला होता. मोठ्या स्टुडिओत तो शेवट कागदावरच बदलला गेला असता. या बेवारसपणाची किंमतही त्यांनी मोजली. वितरकाने नाव बदलताना नव्या शीर्षकावर स्वामित्वहक्काची ओळ टाकायची राहिली, तेव्हाच्या कायद्याने हक्क गेला, आणि सिनेमा कोणीही छापून विकावा असा सार्वजनिक झाला. पुढे मेलेल्या माणसांचे इतके सिनेमे निघाले त्याला ही चूकही कारण आहे, असं मला वाटतं.

सगळ्यांत जास्त वेळ मला ‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’ला (१९७४) द्यायचा आहे, कारण तुम्ही लिहिलंय की त्यातलं रक्त बघवलं नाही. त्यात रक्त फार थोडं आहे, आणि ते मी तुम्हाला दाखवू शकते.

सिनेमा सुरू होऊन अर्धा तास उलटलेला असतो. कर्क नावाचा मुलगा पेट्रोल मागायला एका घरात शिरतो. दुपारचं ऊन आहे. समोर लांबट बोळ, त्याच्या टोकाला दार, दारापलीकडे लाल भिंत आणि तिच्यावर जनावरांच्या कवट्या. आतून डुकरासारखा आवाज येतो. मुलगा पुढे जातो, उंबऱ्याशी अडखळतो, आणि मुखवटा घातलेला अवाढव्य माणूस दारात येऊन त्याच्या डोक्यात हातोडा घालतो. मुलगा पडतो, त्याचं अंग झटके देतं, दुसरा घाव बसतो, माणूस त्याला आत ओढतो आणि लोखंडी सरकतं दार धाडकन बंद करतो. एवढंच. हा माणूस कोण हे आपल्याला आधी सांगितलेलं नाही, संगीताने ‘आता काहीतरी होणार’ अशी सूचना दिलेली नाही, मारणाऱ्याचा क्लोजअप नाही, मरणाऱ्याच्या चेहऱ्यावर शेवटची ओळख नाही. कत्तलखान्यात जनावराचं जे होतं ते माणसाचं झालं, तितक्याच सवयीने. दार बंद झाल्यावर आपण बाहेर राहतो. माझ्या मते सगळी भीती त्या दारात आहे.

त्यानंतर पॅम नावाची मुलगी, मांस टांगायच्या आकड्यावर. हा प्रसंग मी प्रत्येक कार्यशाळेत दाखवते आणि दिवे लावल्यावर काय दिसलं ते लिहून द्यायला सांगते. निम्म्याहून जास्त मुलं लिहितात की आकडा पाठीत घुसताना दिसला. मग मी तो प्रसंग एकेक फ्रेम पुढे सरकवते. आकडा दिसतो. तिला उचललेलं दिसतं. तिचा चेहरा, वर जाणारे हात, आणि खाली ठेवलेलं घमेलं. आकडा अंगात शिरतानाची फ्रेम त्यात नाहीच. घमेलं खाली कशासाठी ठेवलंय हे आपल्याला कळतं आणि न दाखवलेली फ्रेम आपण स्वतःच छापतो. एकदा एका मुलीने ‘परत लावा, तुम्ही वेगळी प्रत आणलीय’ असा आग्रह धरला होता. तीन वेळा लावून दाखवल्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

टोबी हूपर यांच्याकडे दीड लाख डॉलरसुद्धा नव्हते. सिनेमा १६ मिलिमीटरवर काढून ३५ वर मोठा केला, म्हणून त्याला तो दाणेदार, बातमीपटासारखा पोत आला. १९७३ च्या उन्हाळ्यात टेक्ससमध्ये पारा अडतीसच्या वर, खिडक्या काळ्या कापडाने झाकलेल्या, आत खरी हाडं आणि सडणारं अन्न. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग सलग सव्वीस तासांच्या आसपास चालला. मर्लिन बर्न्सच्या चेहऱ्यावरचा तो थकवा आणि किळस कोणत्याही मेकअपने आणता येणार नाही. पार्श्वसंगीताच्या नावाखाली धातूचे खणखणाट, घासणं, कत्तलखान्याचे आवाज आहेत. गुणगुणता येईल अशी एक ओळ सापडायची नाही. आणि शेवट! मुलगी टेम्पोत चढून सुटते, पहाटेच्या उजेडात तो माणूस करवत गरागरा फिरवतो, आणि त्या फिरण्याच्या ऐन मध्येच सिनेमा कापलेला आहे. आवाजही तिथेच तुटतो. मला संकलक म्हणून असा एक कट आयुष्यात जमला तरी पुष्कळ झालं.

इथवरचं एकत्र करून बघा. ‘ब्लड फीस्ट’ने कट पुढे सरकवला, ‘लिव्हिंग डेड’ने शेवटाची हमी काढून घेतली, ‘चेन सॉ’ने गरिबीलाच सिनेमाची कातडी केलं. तिन्ही ठिकाणी पैसा नव्हता आणि तिन्ही ठिकाणी ‘असं करू नका’ म्हणणारं वर कोणी नव्हतं. पहिल्यात त्यातून नुसता माल निघाला, बाकीच्या दोघांत कला. ‘लिव्हिंग डेड’ १९९९ मध्ये आणि ‘चेन सॉ’ २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जतनासाठी घेतला गेला, तो उगाच नाही.

आता तुमची नाराजी. ती मी अजिबात झटकणार नाही. या सिनेमांनी बायकांना ज्या नजरेने बघितलं ती नजर बऱ्याचदा दुकानदाराचीच होती. वेस क्रेव्हन यांचा ‘द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट’ (१९७२) हा स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या ‘द व्हर्जिन स्प्रिंग’च्या कथेवर बेतलेला आहे. त्यात हिंसा करणाऱ्यांना एका क्षणी स्वतःचीच शिसारी येते, त्या क्षणासाठी मी त्या दिग्दर्शकाला मानते. पण त्यातलं बलात्काराचं चित्रण मला आजही बघवत नाही, आणि वर्गात मी तो लावत नाही. ‘चेन सॉ’च्या सेटवर बोटातून रक्त काढायचा प्रसंग होता. रक्ताची नळी चालेना, तेव्हा मुखवट्यामागच्या नटाने मर्लिन बर्न्सचं बोट खरोखर कापलं, आणि हे त्यानेच पुढे सांगितलं. इटलीतल्या ‘कॅनिबल हॉलोकॉस्ट’मध्ये (१९८०) कॅमेऱ्यासमोर खरी जनावरं मारली आहेत. अशा गोष्टींना मी ‘अस्सलपणा’ म्हणत नाही. सेटवर जे खरोखर दुखवून मिळवलं ते टेबलावर माझ्यापुढे आलं तर मी ते वापरणार नाही, आणि तुम्हीही तुमच्या नटांना वाड्यात अनवाणी काचांवर धावायला लावू नका. दुसरी बाजूही नोंदवायला हवी. याच बाजारात बायकांना दिग्दर्शनाची दारं आधी उघडली. स्टेफनी रॉथमन यांचा ‘द व्हेल्वेट व्हॅम्पायर’ १९७१ चा. स्वस्तातले सिनेमे काढणारे निर्माते रॉजर कॉर्मन यांच्याकडे ‘केज्ड हीट’ हा बायकांच्या तुरुंगाचा सिनेमा करून शिकलेले जोनाथन डेमी पुढे ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ (१९९१) करतात, आणि त्यात पुरुषांच्या नजरांतून चालत जाणाऱ्या तरुण महिला अधिकाऱ्याचे शॉट बघा: समोरचे पुरुष थेट कॅमेऱ्यात बघतात. ती नजर कशी असते हे डेमी यांना कुठून कळलं असेल, याचा अंदाज मला येतो.

स्टुडिओंनी हे सगळं उचललं ते फार पटकन, म्हणून थोडक्यात. ‘जॉज’ (१९७५) एकाच दिवशी चारशेहून अधिक थिएटरांत लावून टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला, ही गल्लाभरू सिनेमांचीच जुनी पद्धत. ‘हॅलोवीन’ (१९७८) सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास झाला, दुकानातून आणलेला मुखवटा पांढरा रंगवून, जवळजवळ रक्ताशिवाय. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ची तर पटकथा तयार नसताना १९७९ मध्ये धंद्याच्या वर्तमानपत्रात पानभर जाहिरात आली, आणि पुढच्या वर्षी पॅरामाउंटने तो हजारावर पडद्यांवर लावला. त्याच्या दुसऱ्या भागात पलंगावरच्या जोडप्याला एकाच भाल्याने मारण्याचा प्रसंग आहे. तो इटालियन मारिओ बावा यांच्या १९७१ च्या ‘अ बे ऑफ ब्लड’मध्ये जवळजवळ तसाच आहे. इथे एक गोष्ट हरवली. खून कोणाचा, कधी, कसा याचं वेळापत्रक ठरलं, आणि वेळापत्रक आलं की हमीही परत आली: शेवटची मुलगी वाचणार. म्हणून ऐंशीच्या दशकातले बरेचसे स्लॅशर, म्हणजे एकामागून एक खून करत सुटणाऱ्या माणसाचे सिनेमे, रक्ताने भरलेले असूनही मला सुरक्षित वाटतात.

आपल्याकडे याचा भाऊ शोभेल असा प्रकार मुंबईतच घडला. रॅमसे बंधूंच्या घरचा १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ चालला नाही, पण त्यात पृथ्वीराज कपूर भीतीदायक मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या प्रसंगासाठी लोक येतात, हे भावांच्या लक्षात आलं. मग १९७२ मध्ये लहानसं युनिट महाबळेश्वरला नेऊन त्यांनी ‘दो गज ज़मीन के नीचे’ केला. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम, कॅमेरा गंगू, आवाज किरण, संकलन अर्जुन: घरातल्या घरात सगळं. त्यांनी अमेरिकन सिनेमातून किती घेतलं आणि गरजेतून किती सुचलं हे वेगळं काढता येत नाही. पण मोठ्यांनी सोडलेली जागा हेरायची, गावोगावच्या प्रेक्षकावर विसंबायचं, मिळेल त्या बंगल्यात शूट करायचं, ही रीत तीच. फरक शेवटाचा. त्रिशूळ किंवा मंदिर मदतीला यायचंच. हमी त्यांनी सोडली नाही, आणि ‘पुराना मंदिर’सारखा (१९८४) तुफान चाललेला सिनेमाही मला लहानपणी घाबरवून शेवटी शांत झोपवायचा.

एडिट रूममधली माझी पहिली मोठी चूक इथे सांगण्यासारखी आहे. असिस्टंट म्हणून तिसरं वर्ष. एका भुताच्या सिनेमात विहिरीकाठचा खून मी दोर सुटण्याच्या आवाजावर कापला होता, विहिरीत काय पडलं ते न दाखवता. निर्माते बसले, म्हणाले, ‘रबराच्या मुंडक्याला पैसे घातलेत, ते कुठंय?’ वाद घालण्याऐवजी मी मुंडकं घातलं, चांगलं दीड सेकंद. ट्रायलला त्या जागी लोक हसले आणि त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत एकाही प्रसंगाला घाबरले नाहीत. आधीचा कट अजूनही माझ्या डोळ्यांसमोर आहे. पैसा घातलाय म्हणून दाखवायचं, हे एक्स्प्लॉइटेशनचं वाईट अंग आहे, आणि तुमच्या सव्वा लाखातले वीस हजार मेकअपवर गेले की ते तुमच्याही मानगुटीवर बसेल.

चांगलं अंग आजही जिवंत आहे. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने (१९९९) वेबसाइट आणि ‘बेपत्ता’च्या पत्रकांनी लोकांना ही खरी घटना वाटायला लावली; जत्रेतला माइकवाला इंटरनेटवर आला. ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ दिग्दर्शकाने स्वतःच्या घरात पंधरा हजार डॉलरच्या आसपास केला. ‘गेट आउट’ (२०१७) साडेचार दशलक्ष डॉलरचा, म्हणजे हॉलिवुडच्या मानाने किरकोळ, आणि त्याच्या शेवटी कृष्णवर्णीय नायकासमोर रस्त्यावर पोलिसांचा दिवा दिसतो तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात जो गोळा येतो, तो १९६८ च्या त्या खिडकीतून आलेला आहे.

आता तुमचं काम. वाड्यात काय आहे त्याची आधी यादी करा: दिंडी दरवाजा, अडसर, माजघर, जातं, बळद, आड. यातली कुठली वस्तू नुसती आवाजाने ओळखू येते ते तिथे रात्री बसून ऐका आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग ‘चेन सॉ’मधला तो लोखंडी दाराचा प्रसंग घ्या. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा पडदा झाकून ऐका, आणि तिसऱ्या वेळी प्रत्येक शॉट किती फ्रेमचा आहे ते मोजून वहीत उतरवा. त्याच वहीच्या समोरच्या पानावर तुमच्या फिल्ममधला सगळ्यांत भीतीचा प्रसंग शॉटनुसार लिहा आणि अडसर नेमका कोणत्या शॉटनंतर पडतो तिथे खूण करा. दोन्ही पानांचे फोटो इथेच टाका, मी बघते.